आडात नाही तर पोहऱ्यात कुठून? क्लस्टर आणि भरलेली डिस्क



या खेपेचा विषय जरा रुक्ष आहे, पण आपल्यातल्या बऱ्याच जणांची चूल त्यावर पेटते, म्हणून घेतोय. डॅलसहून एका वाचकानं विचारलंय, ते थोडक्यात असं :

"आमच्याकडे युनिक्सचा दोन नोडचा क्लस्टर आहे. मॅनेजमेंटच्या मागे लागून लागून घेतलेला, महागडा. तरी मागच्या महिन्यात मध्यरात्री डेटाबेस बसला. लॉगमध्ये 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. फेलओव्हर झाला, दुसऱ्या नोडवरही तेच रडगाणं. डीएफ म्हणतं डिस्क १०० टक्के भरली, डीयूनं बेरीज केली तर जेमतेम ६० टक्के. शेवटी दोन्ही मशिन्स रीबूट केली आणि जागा आपोआप परत आली. आता बॉस विचारतोय, मग क्लस्टर घेतला कशाला?"

बॉसचा प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांबण लावून देतो, कारण डॅलसला जे झालं ते न्यू जर्सीत, बे एरियात, सगळीकडे होत असतं, आणि दर वेळी रीबूट करून प्रकरण मिटवलं जातं. (कमांडची नावं इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायची, हे सांगायला नको.)

आधी क्लस्टर म्हणजे आपण नेमकं काय विकत घेतलं ते बघू. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सनचा सन क्लस्टर, व्हेरिटासचा क्लस्टर सर्व्हर, एचपीचा सर्व्हिसगार्ड, आयबीएमचा एचएसीएमपी आणि डिजिटलचा ट्रूक्लस्टर, अशी सगळी दुकानं जोरात होती. तपशील वेगळे, पण बहुतेक ठिकाणचा सांगाडा एकच : दोन मशिन्स, मधे एक डिस्क अ‍ॅरे, दोघांच्याही केबल्स तिला जोडलेल्या. एक मशिन मेलं की दुसरं ती डिस्क ताब्यात घेतं, माउंट करतं, आयपी अ‍ॅड्रेस उचलतं आणि सर्व्हिस सुरू करतं. पॉवर सप्लाय जळला, मदरबोर्ड गेला, कर्नल पॅनिक झालं, तर हे उत्तम चालतं. आजचा पेसमेकर हेच करतो, फक्त नावं बदलली.

पण मशिन्स दोन असली तरी डेटा एकच आहे ना? एका विहिरीवर दोन रहाट बसवलेत. एक रहाट मोडला तर दुसरा आहे. विहीर आटली तर दोन्ही रहाट कोरडे फिरणार. डिस्क भरणं हा विहिरीचा प्रश्न आहे. फेलओव्हर झाला की तीच भरलेली डिस्क, तिच्यातल्या त्याच फायलींसकट, दुसऱ्या नोडच्या गळ्यात पडते.

आणि इथे क्लस्टर नुसता निरुपयोगी ठरत नाही, तो नुकसान वाढवतो. डेटाबेसला लिहिता येईना, की मॉनिटर म्हणतो "सर्व्हिस मेली". फेलओव्हर. नव्या नोडवर फाइलसिस्टिमचं जर्नल रीप्ले होतं, डेटाबेस क्रॅश रिकव्हरी करतो, मग लिहायला जातो, जागा नाही, पुन्हा मेली. पुन्हा पहिल्या नोडवर. असा टेबलटेनिसचा डाव क्लस्टरला घालून दिलेली मर्यादा संपेपर्यंत चालतो आणि मग दोन्ही नोडवर "फॉल्टेड" अशी पाटी लागते. एका मशिनवर दहा मिनिटांत आटोपलं असतं ते काम इथे दोन तास खातं.

म्हणून माझा पहिला सल्ला जागा मोकळी करण्याचा नाही. आधी क्लस्टर गोठवा. व्हेरिटासमध्ये हाग्रुप फ्रीझ, सर्व्हिसगार्डमध्ये सीएममॉडपीकेजी मायनस डी, पेसमेकरमध्ये मेंटेनन्स मोड. चेंडू इकडून तिकडे जाणं थांबलं की मगच डोकं शांत ठेवून बघता येतं. हे रनबुकच्या पहिल्या ओळीत हवं. मी बघितलेल्या बहुतेक रनबुकांत ते शेवटून दुसऱ्या पानावर असतं.

उलटा प्रकारही आहे, आणि तो जास्त वाईट. ओरॅकलची आर्काइव्ह लॉगची जागा भरली तर डेटाबेस मरत नाही, तो थिजतो. लॉगमध्ये ओआरए-००२५७, नव्या लोकांना लॉगिन नाही, जुन्यांचे व्यवहार लटकलेले. पण क्लस्टरचा मॉनिटर जर फक्त "प्रोसेस जिवंत आहे का" एवढंच विचारत असेल, तर तो समाधानानं हिरवा दिवा दाखवत बसतो. तुमचा मॉनिटर प्रोसेस मोजतो की खरोखर एक ओळ लिहून बघतो, हे एकदा तपासा.

डॅलसकरांच्या बॉसला दाखवण्यासारखं मोठं उदाहरण जपानचं आहे. २९ ऑगस्ट २०२३ ला टोयोटाचे जपानमधले १४ कारखाने, २८ असेंब्ली लाइन्स, बंद पडल्या. सायबर हल्ला झाला का, अशी आधी कुजबुज झाली. ६ सप्टेंबरला कंपनीनं स्वतःच खुलासा केला. सुट्या भागांच्या ऑर्डरी हाताळणारे काही सर्व्हर बंद पडले होते. २७ ऑगस्टला नियमित मेंटेनन्स होता, डेटाबेसमध्ये साठलेला डेटा पुसून नीट लावण्याचं काम चालू होतं आणि तेवढ्यात डिस्कची जागा अपुरी पडून सिस्टिम थांबली. बॅकअपचं काय? तर सगळे सर्व्हर एकाच सिस्टिमवर होते, त्यामुळे बॅकअपमध्येही तोच बिघाड झाला आणि तिकडे वळता आलं नाही. शेवटी २९ तारखेला डेटा जास्त मोठ्या सर्व्हरवर हलवला आणि दुसऱ्या दिवशी कारखाने सुरू झाले. साफसफाई करतानाच जागा संपली, हे लक्षात ठेवा. त्याकडे पुन्हा येणार आहे.

आता डॅलसचं ६० आणि १०० चं कोडं. रीबूट केल्यावर जागा परत आली, यातच उत्तर आहे. युनिक्समध्ये आरएम केलं की फाइल जात नाही, तिचं नाव जातं. एखाद्या प्रोसेसनं ती उघडून धरली असेल तर तिचे ब्लॉक तसेच राहतात. डीयू नावांच्या मागे फिरतं, त्याला ती दिसत नाही. डीएफ फाइलसिस्टिमलाच विचारतं, त्याला दिसते. त्यांच्याकडे कुणीतरी कधीतरी मोठा लॉग पुसला असणार आणि लिहिणारी प्रोसेस तशीच चालू राहिली असणार. तिला काही पत्ताच नाही, ती आपली बिननावाच्या फाइलीत लिहितेय. रीबूटनं प्रोसेस मेली आणि जागा सुटली.

अशा वेळी एलएसओएफ अधिक एल १ ही कमांड द्या. नाव उडालेल्या पण उघड्या असलेल्या सगळ्या फायली, कोणत्या प्रोसेसनं धरल्यात त्यासकट, समोर येतात. (हे एलएसओएफ पर्ड्यू विद्यापीठातल्या व्हिक एबेल यांनी लिहिलं. आपल्यातले पर्ड्यूवाले असतील त्यांनी कॉलर ताठ करून घ्या.) मग ती एक प्रोसेस रीस्टार्ट करा. तेही शक्य नसेल तर प्रॉक डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या एफडीतून फाइल रिकामी करता येते.

पण क्लस्टरवर याला एक फाटा आहे. एलएसओएफ फक्त त्याच मशिनवरच्या प्रोसेस दाखवतं. तुमची फाइलसिस्टिम क्लस्टर फाइलसिस्टिम असेल, म्हणजे दोन्ही नोडवर एकाच वेळी माउंट असेल, तर फाइल धरून बसणारा दुसऱ्या नोडवर असू शकतो. तुम्ही पहिल्या नोडवर रात्रभर शोधलंत तरी सापडणार नाही. दोन्हीकडे कमांड चालवा. एनएफएसवरून वापर असेल तर क्लायंटनं धरलेली फाइल सर्व्हरवर डॉट एनएफएस अशा विचित्र नावानं दिसते. ती कचरा समजून पुसू नका, पलीकडे कुणाच्या तरी हातात ती उघडी आहे.

आणि चालू लॉग आरएम करूच नका. त्यात डेव्ह नल ओता, म्हणजे नाव राहतं आणि पोट रिकामं होतं. एक गंमत होऊ शकते : प्रोसेसनं फाइल अपेंड पद्धतीनं उघडली नसेल, तर ती पुन्हा जुन्याच ठिकाणापासून लिहायला लागते आणि एलएस तिला पहिल्याएवढीच अगडबंब दाखवतं. डीयूला विचारा, खरी जागा थोडीच असते. मधली पोकळी आहे. घाबरायचं कारण नाही, मात्र एखाद्या जुनाट बॅकअपनं ती पोकळी शून्यं भरून उचलली तर टेपवाला ओरडेल.

डीएफ आणि डीयूच्या भांडणाचं दुसरं कारण खास क्लस्टरचं आहे आणि माझ्या मते सगळ्यात छळवादी. सामायिक डिस्क समजा ओराडेटा नावाच्या डिरेक्टरीवर माउंट होते. ती डिरेक्टरी दोन्ही नोडच्या रूट डिस्कवर असते. डिस्क माउंट मात्र अ‍ॅक्टिव्ह नोडवरच. आता पॅसिव्ह नोडवर कुणीतरी क्रॉन जॉब ठेवलाय, एक्सपोर्टचा किंवा रिपोर्टचा. तो बिचारा प्रामाणिकपणे ओराडेटामध्ये लिहितो. पण तिथे डिस्क नाही, म्हणून सगळं रूट डिस्कवर साठतं. मग एके रात्री फेलओव्हर होतो, सामायिक डिस्क येऊन त्या ढिगावर बसते, आणि ढीग दिसेनासा होतो. रूट भरलेली, डीयूला काही सापडत नाही, एलएसओएफही स्वच्छ. सतरंजीखाली ढकललेला कचराच तो.

न्यू जर्सीतल्या माझ्या एका जुन्या नोकरीत (नाव राहू द्या) या ढिगानं आम्हा चार जणांना दोन रात्री जागवलं. रूट भरल्यामुळे व्हार भरलेलं, व्हारमध्ये क्लस्टरचं स्वतःचं लॉग, त्यामुळे त्याचे एजंट वेड्यासारखे वागत होते आणि सगळे डेटाबेसकडे बोट दाखवत होते. डेटाबेस ठणठणीत होता. सापडलं कसं? एका सीनियर बाईंनी रूट डिस्क दुसऱ्या एका डिरेक्टरीवर पुन्हा माउंट करून दाखवली. लिनक्सवर माउंट बाइंड, सोलारिसवर एलओएफएस. त्या वाटेनं आत गेलं की सतरंजीखालचं सगळं दिसतं. ४० गिगाबाइट एक्सपोर्ट फायली होत्या तिथे, काही दोन वर्षांपूर्वीच्या. उपाय साधा आहे : स्क्रिप्टनं लिहिण्याआधी डिस्क खरोखर माउंट आहे का ते तपासावं. लिनक्सवर, डिस्क माउंट नसताना, त्या रिकाम्या डिरेक्टरीला चॅटर अधिक आय लावून ठेवा, मग रूटलाही तिथे चुकून लिहिता येत नाही.

बाकीची दोन कारणं पटकन. आयनोड संपले तर जागा असूनही "नो स्पेस" येतं. डीएफ मायनस आय बघा, सोलारिसच्या यूएफएसवर डीएफ मायनस ओ आय. लाखो चिमुकल्या सेशन फायली किंवा तुंबलेली मेल क्यू हे नेहमीचे गुन्हेगार. दुसरं म्हणजे राखीव जागा. बर्कलीच्या १९८३ च्या ४.२ बीएसडीतल्या फाइलसिस्टिमनं १० टक्के जागा राखून ठेवायची पद्धत पाडली, कारण त्यापुढे ब्लॉक शोधण्यात वेळ जायला लागतो. लिनक्सच्या ईएक्सटी कुटुंबात ती ५ टक्के. ही राखीव जागा फक्त रूटला वापरता येते. म्हणून तुम्ही रूट होऊन चाचणीला एक फाइल लिहून बघता, ती लिहिली जाते, आणि तुम्ही डीबीएला सांगता की जागा आहे, तुझंच काहीतरी चुकतंय. ओरॅकल रूट म्हणून चालत नाही हो. चाचणी ओरॅकलच्या युजरनंच करा, उगाच भांडणं नकोत.

आता साफसफाई. टोयोटाचं प्रकरण साफसफाईतच झालं, ते अपघातानं नव्हे. पुसणं हेही लिहिणंच असतं. झेडएफएससारख्या कॉपी-ऑन-राइट फाइलसिस्टिममध्ये फाइल पुसायलाही नवे ब्लॉक लागतात. जुन्या आवृत्त्यांत पूल काठोकाठ भरला की आरएमच "नो स्पेस" म्हणायचं. मग आधी फाइल रिकामी करायची आणि नंतर पुसायची, अशी युक्ती लोक करत. पुढे झेडएफएसनं स्वतःच थोडी जागा अशा वेळेसाठी बाजूला ठेवायला सुरुवात केली. शिवाय स्नॅपशॉट असतील तर शंभर फायली पुसा, एक बाइट सुटणार नाही.

ओरॅकलची तऱ्हा वेगळी. १०जी पासून जो रिकव्हरी एरिया आला, त्यात किती जागा वापरली याचा हिशेब डेटाबेस स्वतः ठेवतो. तुम्ही बाहेरून आरएमनं आर्काइव्ह लॉग उडवलेत तर डिस्क रिकामी होते, पण त्याच्या वहीत ती भरलेलीच. आरमॅनमधून क्रॉसचेक करून एक्स्पायर्ड नोंदी काढेपर्यंत तो हलत नाही. आणि तो लॉग स्टँडबायला पोचलेला नसेल, टेपवर गेलेला नसेल, तर तुम्ही जागा नाही मोकळी केलीत, रिकव्हरीची साखळी तोडलीत. ते कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आजचे क्लस्टर वापरणाऱ्यांनी "हे जुन्या युनिक्सचं पुराण" म्हणून पुढे जाऊ नका. कुबरनेटीसचा सगळा हिशेब एटसीडी नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये असतो. तीन किंवा पाच नोडचा क्लस्टर, मूळ मर्यादा २ गिगाबाइट. ती ओलांडली की एटसीडी "नोस्पेस" असा अलार्म लावतं आणि फक्त वाचणं आणि पुसणं चालू ठेवतं. तिथेही नुसतं पुसून भागत नाही. कॉम्पॅक्ट करा, मग प्रत्येक नोडवर डीफ्रॅग करा, मग अलार्म हातानं उतरवा. हे शेवटचं विसरलं की जागा असूनही क्लस्टर लिहायला नकार देतो, आणि माणूस तासभर डिस्ककडे बघत बसतो.

पुसूनही जागा न सुटण्याचा सगळ्यात थरारक किस्सा क्लस्टरचा नाही, पण याच देशातला आहे. कॅलिफोर्नियात पॅसाडीनाच्या जेपीएलनं मंगळावर पाठवलेली स्पिरिट गाडी ४ जानेवारी २००४ ला तिथे उतरली. २१ जानेवारीला, मंगळावरच्या तिच्या अठराव्या दिवशी, तिचं बोलणं बंद झालं. गाडीत २५६ मेगाबाइट फ्लॅश होती आणि त्यावर डॉसच्या पद्धतीची फाइलसिस्टिम. प्रवासातल्या आणि उतरल्यानंतरच्या फायलींची गर्दी झाली होती. त्या पुसल्या तरी डिरेक्टरीचा आकार कमी होत नव्हता, आणि माउंट करताना ती सगळी डिरेक्टरी रॅममध्ये मांडावी लागे. रॅम पुरेना. माउंट फसलं की रीबूट. रीबूट झालं की पुन्हा माउंट. असं साठाहून जास्त वेळा झालं. झोपायलाही न मिळाल्यामुळे बॅटरी उतरत चाललेली. तो आपला टेबलटेनिसचाच डाव, फक्त दुसरा खेळाडू नव्हता.

इंजिनिअरांनी काय केलं? आधी डाव थांबवला. फ्लॅश माउंटच न करता, नुसत्या रॅमवर बूट हो, असा निरोप गाडीला पाठवला. २४ जानेवारीपर्यंत ती ताब्यात आली. मग सावकाश तपासणी, पुसापुशी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला फ्लॅश नव्यानं फॉरमॅट. ९० दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी मार्च २०१० पर्यंत बोलत राहिली. जुन्या फायली साफ करणारा प्रोग्रॅम त्यांनी आधीच वर पाठवायला घेतला होता, पण त्याचा एक भाग पोचला नव्हता आणि तो एकोणिसाव्या दिवशी पुन्हा जायचा होता, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. आपल्या प्रत्येकाच्या टिकट सिस्टिममध्ये असं एक टिकट पडून असतं.

घाईघाईत हात लावण्याचं उदाहरण हवं असेल तर ११ जानेवारी २०२३ ची सकाळ आठवा. एफएएची वैमानिकांना सूचना देणारी नोटॅम यंत्रणा बसली आणि देशभरात विमानांची उड्डाणं थांबवावी लागली. एफएएनं नंतर सांगितलं की मुख्य डेटाबेस आणि बॅकअप डेटाबेस यांचा ताळमेळ दुरुस्त करताना कंत्राटी माणसांच्या हातून अनवधानानं फायली पुसल्या गेल्या. इथे जागेचा प्रश्न नव्हता. पण मुख्य आणि बॅकअप दोन्हींना एकाच वेळी हात लागलेला असतो तेव्हा पुसण्याचा अर्थ काय होतो, ते यातून दिसतं.

हे कंत्राटी हात कुणाचे असतात? बरेचदा आपलेच, किंवा आपल्या पुण्याच्या टीमचे. थंडीत इथे ईस्ट कोस्टला रात्रीचे दोन वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचे साडेबारा. फोनवर आपण झोपेत सांगतो, "अरे, जरा जागा कर ना." पलीकडचा पोरगा तीन महिन्यांपूर्वी लागलेला. कुठली फाइल कुणाची, त्याला कोण सांगणार? तो सगळ्यात मोठी दिसेल ती पुसतो. मग सकाळच्या मीटिंगमध्ये "ऑफशोअरची चूक" असं ठरतं. मला हे मुळीच पटत नाही. काय पुसायचं, काय हलवायचं आणि कशाला कुणाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ही यादी दिवसाउजेडी लिहून ठेवणं आपलं काम आहे. एका पानाची असते.

त्याच पानावर अडीनडीची फाइल लिहा. आई डाळीच्या डब्यात नोटा ठेवायची ना, तशी. प्रत्येक मोठ्या फाइलसिस्टिमवर दोन-चार गिगाबाइटची बिनकामाची फाइल डीडीनं करून ठेवायची. वेळ आली की ती पुसायची आणि श्वास घ्यायला जागा मिळवायची. झेडएफएसवर कॉम्प्रेशन असेल तर शून्यांची फाइल जागाच घेत नाही, तिथे रिझर्व्हेशन वापरा. आणि ९० टक्क्यांचे अलार्म काढून टाका असं नाही म्हणत, पण नुसत्या टक्क्यांना अर्थ नाही. २ टेराबाइटच्या ९५ टक्क्यांत अजून शंभर गिगाबाइट शिल्लक असतात, २० गिगाबाइटच्या ९५ टक्क्यांत एक. ताशी किती भरतंय आणि त्या वेगानं किती तास उरले, हा अलार्म हवा.

काही एरर जागेचे वाटतात पण नसतात, आणि काही उलटे. थिन प्रोव्हिजनिंगची डिस्क असेल तर डीएफ ४० टक्के मोकळं दाखवतं आणि लिहायला गेलं की सरळ आय-ओ एरर येते, कारण अ‍ॅरेमधला मूळ पूल संपलेला असतो. होस्टला त्याची खबरच नाही. तिथे होस्टवर फायली पुसूनही उपयोग नाही, ट्रिम किंवा अनमॅप होईपर्यंत अ‍ॅरेला जागा परत मिळत नाही. लिनक्सवर फाइलसिस्टिम अचानक रीड-ओन्ली झाली असेल तर जागा शोधू नका, डीमेसेजमध्ये डिस्कची किंवा केबलची तक्रार शोधा.

शेवटचा मुद्दा डिस्क वाढवण्याचा. जागा कमी पडली, अ‍ॅरेवरून नवी डिस्क घेतली, अ‍ॅक्टिव्ह नोडवर व्हॉल्यूम ग्रुपमध्ये घातली, फाइलसिस्टिम वाढवली, टिकट बंद. दुसऱ्या नोडला कुणी सांगितलं? एचपी-यूएक्सच्या सर्व्हिसगार्डवर दुसऱ्या नोडवर व्हीजीइम्पोर्ट करावं लागतं. एआयएक्सवर इम्पोर्टव्हीजी मायनस एल. लिनक्सवर लनचा आकार वाढवला असेल तर दुसऱ्या नोडवर डिव्हाइस रीस्कॅन आणि मल्टिपाथ रीसाइझ. हे राहिलं तर महिनोन्महिने काही बिघडत नाही. सहा महिन्यांनी पहिला नोड खरोखर मरतो, आणि ज्या एका कामासाठी तो महागडा क्लस्टर घेतला होता, तेव्हाच दुसरा नोड म्हणतो, "ही डिस्क मला ओळखता येत नाही."

डॅलसकर, रीबूटच्या गडबडीत तुमच्याकडे कुणी जागा वाढवून ठेवली नाही ना, ते बघून घ्या. वाढवली असेल तर चेंज रिक्वेस्ट टाकून येत्या शनिवारी सकाळी आठला मुद्दाम एक फेलओव्हर करून बघा. तेव्हा पुण्यात अजून संध्याकाळ असते, माणसं जागी असतात. आणि दोन्ही नोडवर एलएसओएफ चालवायला विसरू नका.